जुन्या फळीत उरतं किती?

सागाची एक जुनी फळी कुणी फुकट दिली. १२० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, २२ मिलिमीटर जाड. म्हणजे घनफळ २,६४० घनसेंटिमीटर. दोन्ही टोकांच्या चिरा संपेपर्यंत पाच-पाच सेंटिमीटर कापून टाकावे लागतात. लांबी राहिली ११०. कडा झिजलेल्या आणि खिळ्यांनी फाटलेल्या असतात, त्या सरळ करताना रुंदी साडेआठवर येते. दोन्ही अंगांनी रंधा मारून स्वच्छ, सपाट लाकूड लागेपर्यंत जाडी १७ मिलिमीटर होते. आता मोजा: १,५९० घनसेंटिमीटर, म्हणजे साठ टक्के. तेही सगळं सुरळीत पार पडलं तर. फळीला पीळ असला किंवा ऐन मधोमध गंजका खिळा तुटून राहिला, तर हा आकडा निम्म्याच्याही खाली जातो.

हौशी सुताराला जुनं लाकूड स्वस्त पडतं ते या वजाबाकीनंतर. आणि वजाबाकी किती होणार, हे दोनच गोष्टींवर ठरतं: उचलताना काय नाकारलं आणि कापताना क्रम कोणता ठेवला. लाकूड मिळवणं त्यामानानं सोपं आहे, लोक ते टाकतच असतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूला नको म्हणणं मात्र जिवावर येतं. पुढं कोपऱ्यात न वापरलेल्या फळ्यांची रास वाढत जाते आणि ज्या कामासाठी लाकूड गोळा केलं त्या कामालाच जागा उरत नाही.

जाण्याआधी एक कागद सोबत ठेवावा. त्यावर पुढच्या दोन-तीन वस्तूंना लागणाऱ्या तुकड्यांची मापं असावीत. पेटीच्या बाजू, स्टुलाचे पाय, खणाच्या पट्ट्या, अवजारांच्या मुठी. यातले बहुतेक तुकडे ६० सेंटिमीटरच्या आतले असतात, आणि जुन्या लाकडाचं बळ तिथंच आहे. दोन मीटर लांब, पूर्ण सरळ, एकही भोक नसलेली फळी हवी असेल तर ती सरळ विकत घ्यावी. जुन्यात ती शोधत बसण्यात वेळ जातो आणि शेवटी तडजोडच पदरी पडते.

माझ्या मते सगळ्यात चांगला साठा म्हणजे मोडलेले पलंग. पलंगाच्या दोन्ही बाजूंच्या आडव्या पट्ट्या जवळजवळ दोन मीटर लांब, बऱ्यापैकी जाड आणि बहुधा सरळ असतात, कारण वाकड्या लाकडाचा पलंग मुळात उभाच राहत नाही. शिवाय हे लाकूड वर्षानुवर्षं घरात राहिल्यामुळं घरातल्या हवेशी त्याचा ओलावा जुळलेला असतो. खिळे कमी आणि असतात तेही ठरलेल्या जागी. जेवणाच्या मोठ्या टेबलांचे माथे त्याखालोखाल: चार-सहा फळ्या जोडून केलेले, २० मिलिमीटरच्या वरचे. मात्र ते भरीव आहेत का, हे आधी पाहायचं. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून वळून टोकाच्या आडव्या छेदात उतरत असतील तर लाकूड भरीव. वरची नक्षी कडेपाशी अचानक संपत असेल, किंवा कडेला वेगळी पातळ पट्टी चिकटवलेली दिसत असेल, तर आत भुशाचा बोर्ड किंवा प्लाय आहे असं समजावं. खालची बाजू, स्क्रूची भोकं आणि फुगलेले कोपरे खरं बोलतात. पॉलिश फक्त वर असतं.

उखडलेल्या लाकडी जमिनीच्या पट्ट्याही चांगल्या, पण त्यांच्याबद्दल अपेक्षा माफक ठेवावी. १९ मिलिमीटरच्या पट्टीला एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच आणि खालच्या अंगाला बहुधा लांब खोबणी असतात. जीभ आणि खाच दोन्ही कापून टाकल्यावर, खोबणी नाहीशा होईपर्यंत रंधल्यावर १२ ते १४ मिलिमीटरची अरुंद पट्टी हाती येते. पेट्या, ट्रे, छोट्या चौकटी यांना ती उत्तम. डांबरासारख्या काळ्या गोंदानं चिकटवलेले लाकडी ठोकळे मात्र तिथंच सोडावेत. जुन्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते खरवडून काढण्याइतकं मोलाचं त्या ठोकळ्यात काही नसतं.

पॅलेटचं कौतुक जरा जास्तच झालं आहे. बरेचसे पॅलेट पाइनसारख्या मऊ लाकडाचे असतात. कठीण लाकडाचे असले तरी फळ्या १५ ते २० मिलिमीटरच्या, कच्च्या चिरलेल्या. त्यातून १० ते १२ मिलिमीटर उरतं. तरीही घ्यायचे तर आधी शिक्का वाचावा. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी एक मानक ठरलं. त्यानुसार परदेशी जाणाऱ्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि प्रक्रियेची खूण असते. ‘एचटी’ म्हणजे उष्णता: लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं ठेवलेला. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू. एचटी घ्यावं, एमबी सोडावं. शिक्काच नसेल तर प्रक्रिया झाली की नाही हे कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. शिक्का कुठलाही असो, वर काय सांडलं होतं हे तो सांगत नाही. तेलकट डाग किंवा रसायनाचा वास असलेला पॅलेट घरात आणू नये. आणि पूर्ण रंगवलेले पॅलेट बहुधा भाड्यानं फिरणारे असतात, त्यांचा मालक कुणीतरी असतो. खरं तर कुठलंही लाकूड विचारल्याशिवाय उचलू नये. विचारलं तर बहुतेकदा उलट आणखी मिळतं.

पॅलेट मोडताना फळीच्या टोकाखाली पहार घालून उचकटलं की फळी खिळ्यापाशी फाटणार हे ठरलेलं, कारण त्यातले खिळे पिळाचे किंवा कड्यांचे असतात. ते बाहेर यायला नाही, धरून ठेवायलाच बनवलेले असतात. फळी आणि खालचा दांडा यांच्या फटीत धातू कापणारं लवचीक पातं घालून खिळेच कापावेत. डोकी फळीत राहतात, ती मागून पंचनं ठोकली की पुढून निघतात.

पाडलेल्या बांधकामातल्या तुळया, वासे, दारांच्या चौकटी यात लाकूड भरपूर आणि अनेकदा उत्तम प्रतीचं असतं. जुन्या झाडांचं, दाट वर्तुळांचं. पण लोखंडही तितकंच असतं, वर चुना, सिमेंट, वाळू. हे काम मोठं आहे, ते खिळ्यांकडे येऊ तेव्हा पाहू. फर्निचरच्या कारखान्यातले तोडके तुकडे हा याच्या अगदी उलटा प्रकार: स्वच्छ, वाळलेले, खिळा नाही, फक्त आखूड. सुरुवात करणाऱ्यानं तिथूनच सुरुवात करावी. जळणाच्या ढिगाकडेही दुर्लक्ष करू नये. कुऱ्हाडीनं फोडलेला ओंडका रेषेच्या बाजूनंच फुटतो, त्यामुळं स्टुलाचे पाय किंवा हातोडीचे दांडे करायला त्याच्याइतकं मजबूत लाकूड करवतीतून मिळत नाही. फक्त फांद्या टाळाव्यात. आडव्या फांदीत वरच्या बाजूला ताणाचं लाकूड तयार होतं, ते वाळताना वाकडंतिकडं होतं आणि रंध्याखाली त्याचे लोकरीसारखे तंतू उभे राहतात.

आता ते लाकूड कसलं आहे, हा प्रश्न. धुळीनं करडी पडलेली साग, ओक, बीच आणि पाइनची फळी लांबून एकसारखीच दिसते. पहिली परीक्षा वजनाची. फळी वजनकाट्यावर ठेवा, मापं घेऊन घनफळ काढा आणि भागाकार करा. वाळलेला साग घनसेंटिमीटरला ०.६५ ग्रॅमच्या आसपास, पाइन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, ओक ०.७ आणि त्याच्या वर. वर सांगितलेली सागाची फळी म्हणजे साधारण १.७ किलोची. ती अडीच किलो भरली तर एकतर ती साग नाही किंवा ओली आहे.

दुसरी परीक्षा टोकाची, आणि ती जास्त विश्वासाची. टोकाचा सेंटिमीटरभर काप करवतीनं काढून टाकायचा. नव्या छेदावर ताज्या धारेचं पातं अगदी तिरकं धरून बोटाच्या नखाएवढी जागा एकाच झटक्यात साफ कापायची. पॉलिश पेपर घासू नये, त्यानं छिद्रं भुशानं बुजतात. त्या जागेवर थुंकीचं बोट फिरवायचं आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचं. बारीक भोकं दिसली, तर ते रुंद पानांच्या झाडाचं कठीण लाकूड. ती पाणी वाहणारी नळ्यांची तोंडं आहेत. पाइन, देवदार वगैरेंमध्ये अशी भोकं नसतात. भोकं वर्तुळाच्या सुरुवातीला रांगेत मोठी आणि पुढं एकदम बारीक झाली असतील, तर ओक, ॲश, साग यांच्या जातकुळीचं. सगळीकडे सारखी विखुरलेली असतील तर मेपल, बीच किंवा आंब्याच्या. ओकमध्ये केंद्रातून बाहेर जाणाऱ्या रुंद, फिकट रेघा नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. सागाचा ताजा छेद हाताला किंचित तेलकट लागतो आणि त्याला चामड्याकडे झुकणारा वास असतो. अचूक नाव नाही सापडलं तरी फारसं अडत नाही. घनता, छिद्रांची मांडणी आणि रेषांची दिशा कळली की कामापुरतं कळलं.

काही लाकडं कितीही चांगली असली तरी नको. रेल्वेचे जुने स्लीपर हे पहिलं नाव. बऱ्याचदा अस्सल कठीण लाकूड असतं, पण लाकूड कुजू नये म्हणून त्यात क्रिओसोट हे डांबरी तेल मुरवलेलं असतं, ते त्वचेला भाजतं आणि कर्करोगाशी जोडलं गेलं आहे. रंधा कितीही खोल मारला तरी ते संपत नाही. हिरवट छटा असलेलं बाहेरच्या कामाचं लाकूडही संशयास्पद, कारण जुन्या प्रक्रियेत तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक वापरलं जाई. ते ना कापावं, ना जाळावं. रंगवलेल्या जुन्या दारा-खिडक्यांवर शिसं असलेला रंग असू शकतो. तपासणीचे तयार किट मिळतात. ते नसेल तर जुना जाड रंग शिशाचाच धरून चालावं. असा रंग कोरडा घासणं किंवा आगीच्या झोतानं जाळणं म्हणजे शिसं थेट छातीत घेणं. काढायचाच तर रंग काढायचं रसायन लावून, ओला असतानाच खरवडावा आणि खरवड गोळा करून वेगळी टाकावी. घरात लहान मूल असेल तर या भानगडीत न पडलेलं बरं.

साध्या, बिनविषारी लाकडाच्या भुशालाही हलक्यात घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाकाच्या पोकळीचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ किंवा त्या तोडीचा मुखवटा लागतो.

मग किडे. एक ते दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि त्यातून गळणारा टाल्कम पावडरसारखा मऊ भुसा दिसला, तर तो कठीण लाकडाच्या सालीलगतच्या फिकट भागातलं पिष्ट (स्टार्च) खाणारा किडा. भोकं ही किडा बाहेर पडल्याची खूण आहे, आत शिरल्याची नव्हे. म्हणून नुसती भोकं म्हणजे आज कीड आहेच असं नाही. फळी काळ्या कागदावर आठवडाभर उभी ठेवून ठोकावी. ताजा, फिकट भुसा पडला तर आत हालचाल आहे. गाभ्याचं गडद लाकूड सहसा सुटतं, तेव्हा फिकट पट्टा कापून टाकला की प्रश्न अनेकदा मिटतो. तुकडा मोलाचा असेल तर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून उणे २० अंशाच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावा. वाळवीचं तसं नाही. बाहेरून धड दिसणारी फळी आतून पोकळ असते. बोटाच्या पेरानं ठोकत गेलं की आवाज बदलतो आणि तिथं पेचकस सहज रुततो.

खिळे. इथंच कामाचा निम्मा वेळ जातो आणि इथंच घाई महाग पडते. आधी तारेच्या ब्रशनं फळी घासून वाळू, सिमेंट, चुना काढायचा. वाळूचा एक कण रंध्याच्या पात्याला खिळ्याइतकाच खाच पाडतो आणि त्याला कुठलंही चुंबक पकडत नाही. मग उजेड तिरका पाडून पाहायचं. ओक, बाभूळ यांसारख्या, टॅनिन हा तुरट पदार्थ असलेल्या लाकडात लोखंडाभोवती निळा-काळा डाग पडतो, त्यामुळं डोकं तुटून आत दडलेला खिळाही आपली जागा सांगून जातो. त्यानंतर शक्तिशाली छोटं चुंबक दोऱ्याला टांगून फळीवरून फिरवावं. जिथं ते वळतं तिथं खडूनं फुली. पितळ आणि ॲल्युमिनियम चुंबकाला कळत नाही, त्यासाठी सुरक्षारक्षक वापरतात तसला हातातला मेटल डिटेक्टर लागतो. दोन्ही अंगांनी आणि दोन्ही कडांनी फिरवायचा, कारण खोल गेलेलं लोखंड एका बाजूनं कळत नाही.

उपटताना आधी खिळा किंचित आत ठोकावा. उलटं वाटतं, पण कठीण लाकडात गंज तंतूंना घट्ट धरून बसलेला असतो; मिलिमीटरभर आत सरकला की ती पकड सुटते आणि बारीक ‘टक्’ असा आवाज येतो. मग टोक मागून बाहेर आलं असेल तर ते सरळ करून मागूनच ठोकायचं, म्हणजे डोकं पुढून वर येतं. डोक्याखाली पकड लावायची, पकडीखाली पातळ लाकडी चकती ठेवायची आणि वर न ओढता पकड कडेला कलंडवायची. खिळा अर्धा-अर्धा सेंटिमीटर वर येतो. दर वेळी पकड खाली सरकवायची. एकाच दमात लांब कलंडवलं तर खिळा वाकतो, भोक लांबट होतं आणि गंजका असेल तर मानेत तुटतो.

तुटलेल्या स्क्रूसाठी पोकळ नळी हा सगळ्यात स्वच्छ उपाय आहे. ८ मिलिमीटरची स्प्रिंग पिन, म्हणजे उभी चीर असलेली पोकळ पोलादी पिन, घ्यायची, एका टोकाला कानशीनं चार-पाच दात पाडायचे आणि ड्रिलमध्ये उलटी फिरवायची. ती स्क्रूभोवतीचं लाकूड कापत खाली जाते. अनेकदा स्क्रूला पकडून उलटा फिरवते आणि तो वर येतो. नळी सुरुवातीला भरकटू नये म्हणून ८ मिलिमीटरचं भोक पाडलेला तुकडा वर क्लॅम्पनं धरावा. उरलेल्या भोकात त्याच फळीच्या टाकाऊ तुकड्यातून काढलेला गोल ठोकळा रेषा जुळवून चिकटवला की शोधूनच काढावा लागतो. डोकं बुजलेल्या, पण न तुटलेल्या स्क्रूला सोल्डरिंग आयर्नची उष्णता मिनिटभर दिली तरी तो ढिला होतो.

इतकं करूनही लाकडाला पूर्ण क्लीन चिट देऊ नये. पहिला काप साध्या, स्वस्त पात्यानं. रंधण्याच्या मशिनीत संशयित लाकूड घालूच नये: एक खिळा लागला की पात्याला खाच पडते आणि पुढच्या प्रत्येक फळीवर एक उभी रेघ उमटत राहते.

ओलावा. घरातल्या पलंगाचं लाकूड आणि पावसात पडलेली तुळई यांना एकच नियम लावता येत नाही. लाकडाच्या पेशींच्या भिंती साधारण २८ ते ३० टक्के ओलाव्याला तृप्त असतात. त्याखाली उतरताना लाकूड आकसतं. वर्तुळांच्या स्पर्शदिशेत, म्हणजे वर्तुळांच्या कडेकडेनं, ते जास्त आकसतं, केंद्राकडून सालीकडच्या दिशेत त्याच्या साधारण निम्मं आणि लांबीत जवळजवळ नाहीच. सागाचं पूर्ण आकसणं स्पर्शदिशेत ५.८ टक्के आणि केंद्राकडून सालीकडे २.५, अमेरिकन लाल ओकचं ८.६ आणि ४. म्हणजे १४ टक्क्यांवर जोडलेली २० सेंटिमीटर रुंद फळी घरात ९ टक्क्यांवर आली, तर साग दोनेक मिलिमीटर आणि ओक जवळजवळ तीन मिलिमीटर आत येतो. टेबलाचा माथा चौकटीत घट्ट अडकवलेला असेल तर तेवढ्यात चीर पडते.

पिना टोचणारं मीटर असेल तर फळीच्या ताज्या कापलेल्या छेदात मधोमध टोचावं, बाहेरच्या पृष्ठभागावर नाही. बाहेरचे दोन मिलिमीटर नेहमीच कोरडे वाटतात. जवळ खिळा असला तर आकडा खोटा येतो. मीटर नसेल तर ओव्हनची पद्धत: फळीच्या मधला छोटा काप तोलायचा, १०३ अंशाला वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवायचा आणि पुन्हा तोलायचा. २४० ग्रॅमचे २१० झाले, तर गेलेलं पाणी ३० ग्रॅम. त्याला कोरड्या वजनानं, म्हणजे २१० नं भागायचं. १४.३ टक्के. ओल्या वजनानं भागण्याची चूक फार होते. त्याहूनही सोपं: फळीचं वजन दर आठवड्याला फळीवरच पेन्सिलीनं लिहीत जायचं. सलग तीन आठवडे आकडा हलला नाही की ती त्या खोलीशी जुळली.

ओलं लाकूड रचताना खाली सपाट आधार, दोन फळ्यांमध्ये २० मिलिमीटरच्या कोरड्या पट्ट्या, दर ४०-५० सेंटिमीटरवर, आणि सगळ्या पट्ट्या वरपासून खालपर्यंत एकाच उभ्या रेषेत. एक पट्टी सरकली तर वरचं वजन फळीला तिथं कमान देतं आणि ती कमान वाळून कायमची होते. ताज्या ओंडक्याच्या टोकांना त्याच दिवशी मेण किंवा जाड रंग लावावा. टोकातून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगानं जातं, त्यामुळं टोक आधी आकसतं आणि तडकतं. ओंडका मधोमध फोडून मगज, म्हणजे ऐन केंद्रातला मऊ भाग, काढून टाकावा. तो आत ठेवला की चीर पडणारच. इंचाला एक वर्ष हा वाळण्याचा जुना हिशेब ढोबळ आहे, पण धीर धरायला उपयोगी पडतो.

आता क्रम. वाकडी फळी पाहिली की आधी ती सरळ करायचा मोह होतो, आणि सगळ्यात जास्त लाकूड तिथं वाया जातं. लांबीतली कमान लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १८० सेंटिमीटरच्या फळीला मधोमध १६ मिलिमीटर कमान असेल आणि जाडी २२ असेल, तर तिच्यातून सपाट फळी निघते जेमतेम ६ मिलिमीटरची. तीच फळी आधी ६०-६० च्या तीन तुकड्यांत कापली, तर प्रत्येकाची कमान १६ भागिले ९, म्हणजे १.८ मिलिमीटर, आणि २० मिलिमीटर जाडी हाती येते. रुंदीतल्या खोलगटपणाचंही असंच: २० सेंटिमीटर रुंदीत ४ मिलिमीटर असेल तर उभी चिरून दोन भाग केल्यावर प्रत्येकात एकच मिलिमीटर. पीळ मात्र इतका उदार नाही. लांबी एकतृतीयांश केली तर तोही एकतृतीयांशच होतो. म्हणून कमान असलेली फळी उचलावी, पिळलेली सोडावी.

यादीतल्या मापांत लांबीला दोन-तीन सेंटिमीटर आणि रुंदीला अर्धा सेंटिमीटर सोडून कापायचं, भोकं आणि गाठी कापाच्या रेषेवर येतील अशी आखणी करायची. उभं चिरताना जुन्या लाकडातला साठलेला ताण सुटतो आणि काप बंद होऊन पातं आवळलं जातं. टेबल करवतीवर तुकडा मागं फेकला जातो तो यामुळंच; काप उघडा ठेवणारा पात्यामागचा फाटा काढून टाकणाऱ्यांना हे कळेल तेव्हा उशीर झालेला असतो. हातकरवतीत काप मिटायला लागला की पाचर घालावी.

रंधताना आधी एकच अंग. दोन्ही टोकांना दोन सरळ, समान उंचीच्या पट्ट्या आडव्या ठेवून डोळा एका रेषेत आणला की पीळ लगेच दिसतो. उंच कोपरे आधी उतरवायचे, तेही पात्याची धार किंचित गोल केलेल्या रंध्यानं, रेषेला आडवं. मळलेला वरचा थर याच रंध्यानं काढावा, चांगल्या रंध्याची धार त्यात घालवू नये. सागात वाळूचेच घटक, सिलिका, नैसर्गिकरीत्या असते, त्यामुळं त्यावर धार तशीही लवकर जाते. रेषा उलटसुलट असतील तर रंध्याच्या पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी, म्हणजे कॅप, धारेपासून दशांश मिलिमीटरच्या आसपास आणावी. तरीही चिरफळ्या उडाल्या तर खरवडणारी पट्टी. एक अंग सपाट झालं की गुण्या लावून एक कड काटकोनात, मग त्या अंगावरून गेजनं जाडीची रेघ, मग दुसरं अंग, शेवटी रुंदी. दोन्ही अंगांवरून साधारण सारखंच लाकूड काढावं. एकाच अंगावरून काढलं की आतला आणि बाहेरचा ओलावा वेगळा असल्यानं दुसऱ्या दिवशी फळी पुन्हा वाकलेली दिसते. म्हणूनच अंतिम जाडीच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबावं, तुकडे हवा लागेल असे उभे ठेवावेत आणि आठवड्याभरानं शेवटचा हात मारावा. जे या आठवड्यात फार हललं, ते मुठी आणि पाचरींसाठी बाजूला काढावं.

चिकटवण्याचा पृष्ठभाग ताजा हवा. जुना, हवेनं करडा पडलेला थर गोंद धरत नाही. रंधा मारल्यावर त्याच दिवशी जोडावं. पाण्याचा थेंब टाकून पाहावं: मिनिटभरात पसरून शोषला गेला तर ठीक, मोत्यासारखा उभा राहिला तर पृष्ठभाग अजून नकार देतो आहे. तेलकट सागाला जोडणीच्या अगदी आधी ॲसिटोननं पुसून घ्यावं. पलंगा-खुर्च्यांच्या खाचांत जुना सरस राहिलेला असतो, तो गरम पाण्यानं मऊ करून पूर्ण खरवडावा, कारण त्यावर पांढरा गोंद बसत नाही.

लोखंडाचे काळे डाग नको असतील तर लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून सगळ्या पृष्ठभागावर लावावं, नुसत्या डागावर नाही, नाहीतर फिकट ठिपका उरतो. हे विष आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच. वाळल्यावर राहिलेले स्फटिक दोनदा पाण्यानं धुवावेत आणि मगच पॉलिश पेपर लावावा, कारण ती धूळ नाकाघशाला सोलून काढते. डाग खिळा आत असेपर्यंत पुन्हापुन्हा येतो. आणि टॅनिनच्या लाकडावर पाण्याच्या बेसचं पॉलिश लावायचं असेल, तर स्टीलची लोकर आसपासही फिरकू देऊ नये. तिचा एखादा तंतू छिद्रात अडकला तरी पहिल्याच हाताखाली नवा काळा ठिपका उगवतो.